वाढईकाकांच्या हातची सागवानी मूठ, नळीच्या उंचीचा घोळ अन् दहा सेकंदात पाच गोळ्या

आधीच सांगून ठेवतो, हा रिव्ह्यू पिस्तुलाचा नाही, पिस्तुलाच्या मुठीचा आहे. लाकडी मूठ, नेमबाजीच्या रेंजवर सगळे ग्रिप म्हणतात ती. अन् ती काही बाहेरदेशातून डब्यात पॅक होऊन आली नाही, आमच्या केळापूर तालुक्यातल्या एका वाढईकाकांनी करून दिली, जे बाकी वर्षभर चौकटी, दिवाण, वखराची रुमणी म्हणजे धरायचे दांडे करतात अन् पोळा जवळ आला की तान्ह्या पोळ्याचे लाकडी नंदी. बाराशे रुपये घेतले. बाहेरून मागवली असती तर याच्या कितीतरी पट गेले असते अन् वरून ती माझ्या हाताला बसली असती की नाही देव जाणे. दोन महिने झाले वापरून राहिलो, म्हणून आता लिहितो.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर, वय चव्वेचाळीस, महिन्यातून दोन रविवार पांढरकवड्याहून नागपूरला जातो, दीडशेच्या आसपास किलोमीटर जायचं, साठ-सत्तर गोळ्या मारायच्या अन् परत. बायको याला येडेपणा म्हणते अन् माझ्याकडं त्यावर उत्तर नाही. इव्हेंट २५ मीटर स्टँडर्ड पिस्तूल, गोळी पॉइंट टू-टू बोरची, रेंजवर नुसतं टू-टू म्हणतात. पिस्तूल क्लबचं, ते रेंजच्या बाहेर जात नाही. मूठ मात्र ज्याची त्याची, स्क्रू सोडला की हातात येते, अन् लाकडाला लायसन्स लागत नाही. म्हणून तर हे सगळं जमलं, नाहीतर वाढईकाकांच्या दुकानात पिस्तूल नेऊन ठेवायची माझी काय बिशाद.

ज्यांना हा खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी. एकूण ६० गोळ्या, पाच-पाचच्या सिरीजमध्ये. पहिल्या २० ला प्रत्येक सिरीजला १५० सेकंद, मग २० सेकंद, अन् शेवटच्या २० ला फक्त १० सेकंद. सगळं एका हातानं, दुसरा हात खिशात. १५० वाल्यात मी बरा आहे, पन्नासपैकी सेहेचाळीस-सत्तेचाळीस येऊन जातात. १० वाल्यात रडतो. हात ४५ अंशात खाली धरून उभं राहायचं, इशारा मिळाला की उचलायचा, पहिली गोळी जाईस्तोवर अडीच-तीन सेकंद गेलेच. उरल्या चार गोळ्या अन् सात सेकंद. म्हणजे गोळीमागं पावणेदोन सेकंद, अन् त्यातला अर्धा वेळ नळीचं तोंड वर उडून परत खाली येण्यात अन् फोरसाईट, म्हणजे नळीच्या टोकावरची नेमाची खूण, पुन्हा मागच्या खाचेत शोधण्यात जातो, ट्रिगर शांतपणे दाबायला वेळ राहतोच कुठं, मग ओढला की गोळी गेली दहाऐवजी सातच्या वर्तुळात.

तर हे तोंड उडते कशानं, हे ज्यानं बैलगाडी हाकली त्याला फळ्यावर आकृती काढून सांगायची गरज नाही. गाडीत कापूस मागं जास्त भरला की गाडी उलार होते, मागून बसते अन् जू वर उचललं जाते. ओझं आसापासून किती लांब, त्यावर सगळा खेळ. पिस्तुलात आस म्हणजे आपलं मनगट अन् अंगठा-तर्जनीमधलं बेचकं. गोळी पुढं सुटली की पिस्तूल मागं ढकलल्या जाते, अन् तो धक्का नळीच्या मधल्या रेषेतून येतो. ती रेषा बेचक्याच्या जितकी वर, तितका दांडा लांब, तितकं पिस्तूल उलार. याला बोर ॲक्सिस म्हणतात, मी आपलं नळीची उंची म्हणतो. एक गोष्ट लोकं विसरतात, नळी खाली आणली म्हणून धक्का कमी होत नाही. धक्का तेवढाच. फक्त तो पिस्तुलाला वर फिरवायच्या ऐवजी सरळ दंडात येतो, अन् दंड त्याला पचवून घेतो.

अन् अजून एक, जी गोळी आत्ता मारली तिला याचा फरक जवळपास पडत नाही. बारा-तेरा सेंटीमीटरच्या नळीतून टू-टूची गोळी एका मिलिसेकंदाच्या आत बाहेर पडलेली असते, पिस्तूल ठीकठाक वर उडते ते त्याच्यानंतर. म्हणजे नळीची उंची हा पुढच्या गोळीचा प्रश्न आहे. जो निवांत एक-एक गोळी मारतो त्यानं याच्यासाठी झोप घालवू नये, १५० सेकंदवाल्यात मलाही काही फरक दिसला नाही.

क्लबमध्ये माझ्या वाट्याला दोन पिस्तुलं येतात. एक जुनं, मॅगझिन मुठीतून भरायचं, म्हणजे गोळ्या मुठीतून वर चढणार, त्यांच्या वर बोल्ट, म्हणून नळीला हाताच्या बरंच वर बसावं लागते. दुसरं पार्दिनी कंपनीचं, त्याचं मॅगझिन ट्रिगरच्या पुढं, मुठीत काहीच नाही, त्यामुळं नळी हाताच्या जवळ आणता येते. शाळेच्या प्रयोगशाळेतलं व्हर्निअर कॅलिपर पिशवीत टाकून नेलं होतं, बेचक्यापासून नळीच्या मध्यापर्यंत मोजलं, जुन्याला साधारण ३५ मिलिमीटर, पार्दिनीला क्लबच्या मुठीवर २७. शेजारच्या लेनवाला माझ्याकडं असा पाहत होता जसा मी पिस्तुलाचा ब्लाउज शिवायला माप घेऊन राहिलो.

मग मला वाटलं आता पार्दिनी घेतलं की दहा सेकंदात मी राजा. ८ मिलिमीटर खाली आलो ना! पण झालं काहीच नाही. मोबाईलवर सिरीजचा आवाज रेकॉर्ड करून घरी दोन गोळ्यांमधलं अंतर पाह्यलं, जुन्यावर पावणेदोन, पार्दिनीवरही पावणेदोनच्याच आगेमागे. आठ दिवस डोकं खाजवलं. कारण नंतर कळलं ते साधं होतं. जुन्याची मूठ कोण्या जुन्या मेंबरनं घासून ठेवलेली, योगायोगानं माझ्या हाताला फिट. पार्दिनीची क्लबची मूठ मोठ्या पंजाची, माझा हात आतमध्ये घोळते, प्रत्येक गोळीला पिस्तूल हातातल्या हातात सरकते अन् मी नकळत पुन्हा पकड घेऊन राहिलो. नळी खाली आली अन् मुठीनं सगळं खाऊन टाकलं. अन् क्लबच्या मुठीला मागं वर जी पोकळी असते, जिथं बेचकं बसते, ती माझ्या हाताला उथळ, म्हणजे मी जेवढा वर पकडू शकतो तेवढाही वर नव्हतो.

रेंजवर एक पोरगा आहे, त्याचं सगळं ज्ञान मोबाईलमधलं, तो म्हणे सर ग्लॉक पिस्तुलाची नळी बघा किती खाली, सिग कंपनीच्या पिस्तुलाची बघा किती वर, म्हणून ग्लॉक फास्ट. अर्धं खरं आहे. ग्लॉकला मागं बाहेर घोडा, म्हणजे टोला मारणारा हॅमर, नाही म्हणून हात वर जाऊ शकतो, अन् सिगच्या पी २२६ ला घोडा आहे अन् नळी वर आहे हेही खरं. पण तेच पी २२६ अमेरिकेच्या नेव्ही सील्स कमांडोंनी कितीतरी वर्षं वापरलं, त्यांना काही हळू मारता येत होतं असं ऐकलं नाही. दोन हातानं धरलं की दुसरा हात वर फिरणं बऱ्यापैकी अडवून धरते, तिथं दोन-चार मिलिमीटर पकडीत विरून जातात. आपण एका हातावर, आपल्याला अडवायला दुसरं कोणी नाही, म्हणून आपल्याला जास्त लागते. बाकी ही पिस्तुलं ज्या ९ एमएमची ती आपल्याकडं साध्या माणसाला लायसन्सवर मिळतच नाही, प्रोहिबिटेड म्हणजे बंदी असलेला बोर आहे, तेव्हा ती चर्चा चहापुरती ठीक.

अन् कोणी म्हणेल टू-टूला धक्का तो काय. गोळी अडीच-पावणेतीन ग्रॅमची, ९ एमएमची आठ ग्रॅमच्या आसपास, वेगही तिचाच थोडा जास्त, म्हणजे धक्का तिपटीच्या वर. मान्य. पण लंडनला २०१२ मध्ये विजय कुमारनं ज्या रॅपिड फायरमध्ये सिल्व्हर घेतलं त्याच्या फायनलला पाच वेगळ्या टार्गेटवर पाच गोळ्या चार सेकंदात मारायच्या असतात, तीही टू-टूच. तिथं फोरसाईट बोटभर उडाली काय अन् पेराएवढी उडाली काय, याच्यावरच सगळं आहे.

हा ध्यास जुना आहे. १९५६ च्या मेलबर्न ऑलिम्पिकला सोव्हिएत नेमबाजांनी एमटीएस-३ नावाचं पिस्तूल आणलं होतं, चक्क उलटं, नळी खाली अन् बाकी यंत्र वर, म्हणजे उलार व्हायचा प्रश्नच मिटवून टाकला. नंतर नियम आला की नळीची मध्यरेषा बेचक्याच्या वरूनच गेली पाहिजे, अन् उलट्या पिस्तुलाचा खेळ खलास. आता चियाप्पा राइनो म्हणून इटलीचं रिव्हॉल्व्हर आहे, ते सिलिंडरच्या वरच्या घराऐवजी खालच्या घरातून गोळी मारते, कल्पना तीच. पण तेवढ्यासाठी आतली यंत्रणा इतकी गुंतागुंतीची करावी लागली की बाहेर जो घोडा दिसतो तो घोडाच नाही, कॉक करायचा नुसता खटका आहे. मी ते हातात घेतलेलं नाही, त्यामुळं पुढं बोलत नाही.

आता मूठ. आखाडात गेलो वाढईकाकांकडं, सोबत क्लबमधली एक भंगारातली जुनी मूठ नमुना म्हणून मागून आणली होती. काकांनी ती उलटीपालटी करून पाह्यली, नाकाशी नेऊन वास घेतला, म्हणे, "मास्तर, हे कायचं रुमनं व्हय? याले बैल तं दिसून नाई राह्यला." सांगितलं. ऐकून घेतलं सगळं, मग म्हणे, "म्हंजे हात वर बसला पायजे अन् हालला नाई पायजे, येवढंच ना? कुऱ्हाडीच्या दांड्याचंबी तसंच रायते." खरं सांगतो, दोन वर्षं मी जे इकडंतिकडं वाचत होतो ते या माणसानं दांडा म्हणून एका वाक्यात संपवलं.

लाकूड आणायला मलाच सांगितलं. "नवं आनू नोका, नवं बैठते, मंग ढिल्लं व्हते. जुनी चौकट असन तं पाहा." आमच्या जुन्या घराची सागवानी चौकट गोठ्यात पडलेली होती, आजोबांच्या वेळची, तिचा वीतभर तुकडा कापून नेला. काकांनी रंधा मारला तसा आतून मधासारखा रंग निघाला अन् सागवानाचा तो तेलकट वास. या तेलाचीच पुढं गंमत झाली, सांगतो.

हाताचं माप घ्यायला मी आधी वावरातली काळी माती मळून नेली, मूठ वळली, वाळत घातली, दुसऱ्या दिवशी पाहतो तं तिला चैतातल्या वावरासारख्या भेगा. काकू आतून म्हणाल्या कणीक घ्या ना गुरुजी, कशाले मातीत हात घालता. कणकेत मूठ धरली, बोटांचे ठसे पडले, काकांनी त्याच्यावर खुणा करून पुठ्ठ्याचे तीन साचे कापले. नंतर ती कणीक बैलाला दिली.

पहिली मूठ आली ती दिसायला एक नंबर. हात आत गेला अन् बसला. पण तळहाताच्या खालची जी पट्टी असते ती काकांनी प्रेमानं वर वळवून ठेवलेली, खुर्चीला हात असतात तशी, हात मस्त टेकते म्हणून. रेंजवर आमच्या सरांनी नुसतं लांबून पाहून सांगितलं, हे चालणार नाही, पट्टी वर वळलेली नियमात बसत नाही, मूठ हाताला वेढा घालू शकत नाही. वरून पिस्तूल ३०० बाय १५० बाय ५० मिलिमीटरच्या पेटीत मावलं पाहिजे, अन् अंगठ्याच्या बाजूचा उंचवटा धरून आमची रुंदी ५४. मॅचला इक्विपमेंट कंट्रोलला, म्हणजे मॅचआधीच्या साहित्याच्या तपासणीलाच, घरी पाठवलं असतं. चूक माझी, काकांना नियमाचं मी काही सांगितलंच नव्हतं. मग त्यांनीच उरलेल्या प्लायची त्या मापाची पेटी ठोकून दिली, फुकट, अन् पट्टी सरळ करून अंगठ्याकडचा भाग घासून दिला.

खरी कामाची जागा मागची वरची पोकळी. गोल पटाशीनं थोडं थोडं काढायचं, हात घालून पाहायचं, पुन्हा काढायचं, असं पाच मिलिमीटर खोल गेलो. काका पटाशी चालवताना बोलत नाहीत अन् दुसऱ्यानं बोललेलं चालतही नाही, नातू काही विचारायला आला तं नुसत्या डोळ्यांनी परत पाठवला. शेवटची अर्धी मिलिमीटर कानसीनं, मग पॉलिश पेपर. तळहाताच्या बाजूला मात्र पॉलिश केलं नाही, टोच्यानं बारीक बारीक टोचे मारून खरखरीत ठेवलं, घाम आला तरी सटकत नाही. हे त्यांच्या डोक्यातलं, मी सांगितलं नव्हतं.

आता माप. २७ चं २२ झालं, म्हणजे दांडा पाचव्या हिश्शाला थोडा कमी इतका लहान झाला. नळीची रेषा अजून बेचक्याच्या बरीच वर आहे त्यामुळं नियमाची काही भीती नाही. अन् मोबाईलवरचं अंतर पावणेदोनवरून दीड सेकंदाच्या आसपास आलं. ऐकायला पाव सेकंद, पण चार वेळा पाव म्हणजे अख्खा एक सेकंद, अन् दहातला एक सेकंद म्हणजे मला जमीनदारी मिळाल्यासारखं. तो मी पहिल्या गोळीला देतो, घाई करत नाही. दहा सेकंदवाली सिरीज आधी ३८-३९ यायची, आता ४२-४३ येते. एखादी ३६ पण येते, खोटं कशाला बोलू.

हे सगळं पाच मिलिमीटरचं आहे असं मी म्हणत नाही. एका रविवारी मुद्दाम क्लबची मूठ परत लावली, हात जमेल तेवढा वर कोंबून धरला, तरी अंतर पावणेदोनच्या जवळच गेलं, कारण पिस्तूल घोळत होतं. मग माझी मूठ लावली पण मुद्दाम हात खाली धरला, मागची पोकळी रिकामी ठेवून. तोंड जास्त उडालं, हे डोळ्यांनी दिसलं, पण फोरसाईट परत त्याच जागी आली, फक्त उशिरा. म्हणजे माझ्या अनुभवानं उंची कमी केली की नळी कमी उडते, अन् मूठ फिट असली की उडालेली नळी घरी परत येते, अन् मला दुसऱ्यानं जास्त दिलं. ज्याच्याकडं खाली नळीचं पिस्तूल घ्यायला पैसे नाहीत त्यानं जुन्याच पिस्तुलाची मूठ आधी घासून घ्यावी असं माझं मत आहे, वाद घालायचा असेल तर घाला.

तक्रारी. पहिली, सागवान तेलकट. तर्जनीच्या खाली थोडं भरायचं राहिलं होतं, तिथं इपॉक्सीची लांबी म्हणजे पुट्टी भरली, पंधरा दिवसांत टवका निघाला, तोही सिरीजच्या मधात, गोळी टार्गेट सोडून मातीत. थिनरनं पुसून तेल काढलं अन् मग भरलं तेव्हा टिकलं. कमी तेलकट लाकूड असतं तर हा ताप कमी राहिला असता असं काका नंतर म्हणाले, आधी का नाही म्हणाले ते विचारायची हिंमत झाली नाही. दुसरी, नळी खाली अन् धक्का सरळ, त्यामुळं शेवटच्या वीस गोळ्यांनंतर कोपराच्या वर थोडं भरून येते, आधी मनगट दुखायचं आता दंड. तिसरी अन् मोठी, वेळ. आठ दिवस म्हणाले, सव्वा महिना लागला. मधात पोळा आला, दुकानात पाय ठेवायला जागा नाही, जिकडं पाहावं तिकडं विनाचाकाचे नंदी, कोणाला रंग नाही कोणाला शिंगं नाहीत, पोरं दारात रांग लावून, अन् माझी मूठ एका नंदीच्या पाठीवर ठेवलेली वाट पाहून राहिली. काही बोलूही शकत नाही, त्या रांगेत माझ्याच वर्गातली चार पोरं होती.

पाचपैकी चार स्टार. एक कापला तो फक्त वेळेचा.

रेंजवरची एक डावखुरी पोरगी आहे, अकरावीची, तिला डाव्या हाताची मूठ तयार कुठंच मिळेना, तिचे बाबा माझी मूठ पाहून मागं लागले. काकांना फोन केला, म्हणे, "डावा हात म्हंजे साचे उलटे ठेवाचे, त्यात काय. पोरीले घेऊन या, कनीक घरून आना." जायचं असेल तर लाकूड जुनंच न्या, पेटीचं माप सोबत लिहून न्या, अन् आखाड ते पोळा या दिवसांत जाऊ नका.